पिशवीतली लहान पुडी



रोहिणी निघाल्या की आमच्या मेडशीत माणसे खुशाली नंतर विचारतात. आधी विचारतात, "भाऊ, यंदा कोणता नंबर?" नंबर म्हणजे कपाशीच्या बियाण्याचा. पातूरचा घाट चढून इकडे आले की सोयाबीन-तुरीचाच पसारा दिसतो, तरी काळ्या वावराचा एखादा तुकडा पऱ्हाटीला राखणारी घरे अजून आहेत. कुणी म्हणतो अमक्या नंबरचे बोंड मोठे, कुणी म्हणतो तमका नंबर पावसाने ओढ दिली तरी तग धरतो. पण या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट मी वर्षानुवर्षे ऐकली नाही. पिशवीबरोबर जी लहान पुडी यायची, तिचे काय केले, हे कुणी कुणाला विचारले नाही.

आठवते ना ती पुडी? २००२ साली बीटी कपाशी आली. तेव्हापासून पुढे बरीच वर्षे ४५० ग्रॅमच्या पुड्याबरोबर १२० ग्रॅमची एक साधी पुडी मिळायची. तिच्यात बीटी नसलेले बी असे. वावराच्या चारी बाजूंनी त्या बियाच्या पाच ओळी लावायच्या, किंवा एकूण क्षेत्राच्या वीस टक्के लावायचे, यातले जे जास्त भरेल ते, असा नियम होता. पिशवीतल्या कागदावर तो छापलेला असायचा. कागद बारीक अक्षरांचा, आणि पेरणीच्या घाईत तो वाचायला सवड कुणाला?

आमच्याच घरची हकीकत सांगतो. लपवण्यासारखे काही नाही, कारण घरोघरी तेच झाले. पहिल्या वर्षी ती पुडी कोठीत पडून राहिली. दुसऱ्या वर्षी जिथे बी उगवले नाही तिथे नांगे भरायला वापरली. पुढे तर सरळ धुऱ्यावर फेकली. "वीस टक्के वावर अळीला खायला द्यायचे, आपण काय वेडे आहोत?" असे आमचे म्हणणे. अळीला खायला द्यायचे, यातच त्या पुडीचे सारे मर्म होते, हे समजायला आम्हाला फार वर्षे लागली. आज तेच सांगायचे आहे.

आधी बीटी म्हणजे काय ते थोडक्यात. मातीत एक सूक्ष्म जंतू राहतो. १९०१ साली जपानमध्ये रेशमाचे किडे पटापट मरू लागले तेव्हा तो पहिल्यांदा ध्यानात आला. दहा वर्षांनी जर्मनीतल्या थुरिंजिया प्रांतात पिठातल्या अळीत तो पुन्हा सापडला आणि त्या प्रांताचेच नाव त्याला मिळाले. लांबलचक नावाची दोन आद्याक्षरे म्हणजे बीटी. हा जंतू एक प्रथिन तयार करतो. ते अळीच्या पोटात गेले की तिचे आतडे फुटते, तिचे खाणे थांबते आणि ती मरते. माणसाच्या किंवा गुराच्या पोटात ते तसे काम करीत नाही. शास्त्रज्ञांनी या जंतूतले ते प्रथिन घडवणारे जनुक, म्हणजे पिढ्यानुपिढ्या गुण वाहून नेणारा कण, काढून कपाशीच्या झाडात बसवले. मग झाडच आपल्या अंगी अळीचे औषध बाळगू लागले. जनुकीय बदल केलेले पीक म्हणतात ते हेच.

अमेरिकेत ही कपाशी १९९६ साली शेतकऱ्यांच्या वावरात आली. आपल्याकडे २६ मार्च २००२ रोजी केंद्र सरकारच्या समितीने जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली: मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४. त्याआधीच, २००१ मध्ये, गुजरातेत विनापरवाना बीटी कपाशी हजारो एकरांवर उभी असल्याचे सापडले होते. म्हणजे कास्तकार सरकारच्या पुढे होता. का नसावा? त्याआधीच्या दशकात अमेरिकन बोंडअळीने जे हाल केले ते ज्यांनी भोगले त्यांना विचारा. फवाऱ्यावर फवारे मारावेत आणि अळी औषधात पोहून वर यावी, असे दिवस होते ते. बीटीने त्या हिरव्या अळीचा बंदोबस्त केला, हे कबूल केलेच पाहिजे. २००२-०३ साली देशात सुमारे १३६ लाख गाठी कापूस झाला होता, २०१३-१४ मध्ये तो ३९८ लाख गाठींवर गेला. सगळे श्रेय एकट्या बीटीचे नव्हे. गुजरातेतले वाढलेले ओलित, खते, रसशोषक किडींवरची नवी औषधे, सगळ्यांचा त्यात वाटा होता. पण वाटा बीटीचाही होता. आणि त्या ३९८ लाखांच्या आकड्याला आपण पुन्हा पोहोचलो नाही, हेही ध्यानात ठेवा.

आता त्या पुडीकडे येऊ.

समजा तुमच्या शिवारात शेंदरी बोंडअळीचे लाखो पतंग आहेत. त्यातल्या एखाद्यालाच निसर्गाने असे आतडे दिलेले असते की बीटीचे विष त्याला बाधत नाही. बाकीच्यांच्या अळ्या बीटी खाऊन मरतात, हा एकटा वाचतो. सगळे शिवार बीटीचेच असेल तर वाचलेल्याची सोयरीक वाचलेल्याशीच होणार. दोघेही विष पचवणारे, मग लेकरेही तशीच. पाच-सात वर्षांत शिवारभर त्यांचाच गोतावळा! पण बांधाकडेने साध्या कपाशीच्या ओळी असतील, तर तिथे विषाला बळी पडणारे हजारो पतंग सुखाने वाढतात. मग तो एकटा-दुकटा वाचलेला सोयरीक करायला जातो तेव्हा त्याला जोडीदार मिळतो तो या साध्या घरातला. त्यांची लेकरे बीटी खाल्ले की बहुतेक मरतात. पाच ओळींतली थोडी बोंडे अळीला द्यायची आणि बाकी वावराचे बियाणे वर्षानुवर्षे धारदार ठेवायचे, असा तो सौदा होता. देवाला नैवेद्य ठेवतो ना आपण, तसेच थोडेसे.

हा सौदा मोडला, त्याचा सगळा दोष कास्तकाराच्या माथी मारणे मला पटत नाही. दोन एकरांचा धनी वीस टक्के रान कशाच्या भरवशावर सोडेल? सुरुवातीला पिशवी दीड हजारांच्या वर होती. २००६ साली आंध्र प्रदेश सरकारने भांडण काढले तेव्हा कुठे ती निम्म्यावर आली. इतके पैसे मोजून आणलेल्या पिशवीतली फुकट पुडी लोकांना फुकटचीच वाटली. शिवाय त्या पुड्यांतले बीही अनेकदा धड नसे. कुठे उगवण कमी, कुठे फुलावर येण्याची वेळ निराळी. सोयरीक जुळायला दोन्ही घरचे पतंग एकाच वेळी उडायला नकोत का?

आणखी एक गोष्ट तर आपल्या हातात मुळीच नव्हती. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्राझील या देशांत बीटी कपाशी सरळ वाणात आहे. आपल्याकडे ती संकरित बियात आली. संकरित बी दरसाल विकत घ्यावे लागते, आणि कंपनीला तेच सोयीचे. पण त्यात एक खोट आहे. झाड पूर्ण बीटीचे असले तरी त्याच्या बोंडात धरणारी सरकी एकसारखी नसते. एका जनुकाचा हिशेब धरला तर चार सरक्यांमागे एकीत तो गुण उतरतच नाही. शेंदरी अळी काही पाने खात नाही, ती बोंडात शिरून सरकीच खाते. एकाच बोंडात विषाची सरकी आणि बिनविषाची सरकी शेजारीशेजारी. अळीला थोडेथोडे विष पचवायची तालीमच मिळाली म्हणा.

व्हायचे तेच झाले. २०१० साली गुजरातेतल्या चार जिल्ह्यांत पहिल्या बीटीला शेंदरी अळी दाद देत नसल्याचे खुद्द कंपनीनेच जाहीर केले. तोवर दोन जनुकांची बोलगार्ड-२ आलेली होती, तिला २००६ सालीच परवानगी मिळाली होती. पुढे चार-पाच वर्षांत गुजरातेत तीही बोथट झाली. आणि २०१७ साली आपल्या विदर्भ-मराठवाड्यात काय झाले ते मी सांगायची गरज नाही. सगळ्यात आधी ते कळले वेचणीच्या बायांना. झाडावर बोंड भरलेले दिसायचे, बाहेर भोकसुद्धा नाही, आणि उकलले की आत कवडी! पिवळट, डागाळलेला, सरकीला चिकटलेला कापूस. किलोवर वेचणी करणाऱ्या बाईच्या हाताला दिवसभरात निम्मेही वजन लागेना. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली. ती फवारणी एकाच किडीवरची नव्हती, पण ज्या बियाने फवारे सुटतील असे सांगितले होते, त्याच कपाशीत ही माणसे फवारत होती, हे विसरता येत नाही.

दुसऱ्या देशांत याच अळीचे काय झाले ते ऐकण्याजोगे आहे. ही अळी काही परदेशातून आपल्याकडे आलेली नाही. १८४३ साली तिचे पहिले शास्त्रीय वर्णन छापले गेले ते आपल्या भडोचच्या कपाशीवरून. अमेरिकेत ती १९१७ साली टेक्सासात पोहोचली आणि तिने शंभर वर्षे तिथल्या शेतकऱ्याला पिडले. तिथे बीटी आले तेव्हा ॲरिझोनातल्या शेतकऱ्यांनी साध्या कपाशीचे पट्टे नियमाने राखले, हंगाम संपताच धसकटे नांगरून मातीआड केली, आणि २००६ पासून कारखान्यात वाढवलेले वांझ पतंग विमानातून सोडले, म्हणजे रानातल्या पतंगाची सोयरीक झाली तरी पाळणा हलू नये. २०१८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेने जाहीर केले की आमच्या कापूस मुलखातून शेंदरी अळी नाहीशी झाली. चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात तर निराळीच गंमत झाली. तिथल्या शेतकऱ्यांनी पैसे वाचवायला संकरित बीटीच्या दुसऱ्या पिढीचे बी लावले. त्यात चौथा हिस्सा झाडे आपोआप बिगर-बीटी निघाली, आणि ठरवून न करताच वावरात आसरा तयार झाला. अळी पुन्हा बीटीला बळी पडू लागली! अळी तीच आणि बीटीही तेच. फरक पडला तो वावर राखण्याच्या रीतीत.

जगाचा विषय निघालाच आहे तर थोडे पुढे जाऊ. १९९६ साली साऱ्या जगात अशी जनुक बदललेली पिके जेमतेम १७ लाख हेक्टरांवर होती. २०१९ साली २९ देशांत मिळून ती १९ कोटी हेक्टरांवर गेली. अमेरिका, ब्राझील, अर्जेंटिना, कॅनडा, आणि पाचवा आपला देश, तोही एकट्या कपाशीच्या जोरावर. आपल्याकडे बीटी वांग्याला समितीने २००९ साली हिरवा कंदील दाखवला होता. पण शहरांतल्या सुनावण्यांनंतर, त्यातली एक नागपूरला झाली, ९ फेब्रुवारी २०१० रोजी मंत्री जयराम रमेश यांनी ते थांबवले. शेजारच्या बांगलादेशाने मात्र २०१४ पासून ते लावले.

पण वाशीम जिल्ह्याच्या माणसाला जवळचे आहे ते सोयाबीन. जगात पिकणाऱ्या सोयाबीनपैकी जवळपास तीन चतुर्थांश जनुक बदललेले आहे, तणनाशक सोसणारे. आपले सोयाबीन तसे नाही, तसे पेरायला इथे परवानगी नाही. आता गंमत बघा. अर्जेंटिना-ब्राझीलहून सोयाबीन तेल जहाजे भरभरून येते आणि आपल्याच कढईत भजी तळते. २०२१ च्या ऑगस्टात तर कोंबड्यांच्या खाद्यासाठी तसल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आणायला सरकारने परवानगी दिली. त्या वेळी बाजार समितीत भाव क्विंटलला दहा हजारांच्या घरात होता. नवा माल बाजारात येईपर्यंत तो जवळपास निम्म्यावर आला. नव्या मालाची आवक आणि तेलावरचे कमी केलेले आयात शुल्क हीही त्याची कारणे होती, एकट्या पेंडीवर सगळे ढकलता येणार नाही. तरी जे पेरायला मनाई तेच विकत आणायला मुभा, हा न्याय मला अजून कुणी समजावून सांगितलेला नाही.

याच रागातून जून २०१९ मध्ये आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला, शेतकरी संघटनेच्या लोकांनी उघड उघड एचटीबीटी कपाशी लावली. त्या वेळच्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती, तरी लावली. ज्याला आपण चोर बीटी म्हणतो ते हेच, तणनाशक फवारले तरी न मरणारे. निंदणाला बाया मिळेनात, मिळाल्या तर मजुरी परवडेना, मग माणूस त्याकडे वळतो, हे मी समजू शकतो. पण रात्री-बेरात्री पोत्यातून येणाऱ्या त्या बियाला ना पावती, ना लेबल, ना उगवणीची हमी. उगवले नाही तर तक्रार कुणाकडे नेणार? आत खरेच काय आहे तेही ठाऊक नाही. अशी फसगत झालेली घरे मी पाहिली आहेत, आणि त्यांना नुकसानीचा एक पैसा मिळाला नाही. दुकानातून पक्की पावती घ्या, पिशवी फोडताना लेबलाचा तुकडा आणि मूठभर बी हंगाम संपेतो जपून ठेवा. एवढे केले तर निदान तक्रार करायला तोंड उरते.

आता यंदाचे. ती लहान पुडी आता येत नाही. ४७५ ग्रॅमची एकच पिशवी मिळते, २०२५ च्या खरिपाला बोलगार्ड-२ ची अशी पिशवी ९०१ रुपयांना होती. बिगर-बीटी बी आता तिच्यातच ५ ते १० टक्के मिसळलेले असते. म्हणजे फेकायची सोयच ठेवली नाही! तुम्ही लावाल तेव्हा ते आपोआप लागेल. पण अळी एव्हाना बोलगार्ड-२ ला सरावलेली आहे, त्यामुळे एवढ्याने भागणार नाही. जूनच्या आधी लावणी करू नका, मग विहिरीला कितीही पाणी असो. लवकर लावलेली पऱ्हाटी लवकर फुलते आणि मातीतून निघालेल्या पहिल्या पतंगांना आयते घर मिळते. फुले लागली की पाकळ्या मिटून गुंडाळलेली कळी शोधा. ती डोमकळी. आत अळी असते. तोडून नष्ट करा, हे काम पोरे हौसेने करतात. एकरी दोन कामगंध सापळे लावा. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, किंवा वीस हिरवी बोंडे फोडली आणि दोनात अळी निघाली, की मग औषधाचा विचार करायचा. कोणते औषध ते सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला विचारून, दुकानदाराला नव्हे.

आणि डिसेंबरात पऱ्हाटी उपटायची. इथेच खरे दुखणे आहे. दोन-तीन वेचण्या झाल्या, भाव बरा आहे, विहिरीला पाणी आहे, मग एक पाणी देऊन फरदड घ्यावी असे कुणाला वाटत नाही? आम्हीही घेतली आहे. त्या फरदडीतून निघतो तो निम्मा कवडी कापूस, आणि उरलेल्या बोंडांत अळी थंडीभर झोप काढते. पुढच्या पावसाला तीच पतंग होऊन उडते. फरदडीचे चार पैसे आपण पुढच्या हंगामातून उसने आणतो, असा तो हिशेब आहे. तेही एकट्याने पऱ्हाटी काढून भागत नाही. पतंगाला धुरा कळत नाही. शेजाऱ्याची फरदड उभी असेल तर तुमची मेहनत त्याच्या वावरात वाया जाते. म्हणून हे बोलणे एका घरात नव्हे, पारावर बसून व्हायला हवे.

उपटलेल्या पऱ्हाट्यांचे काय करायचे यावरून आमच्या घरी मात्र दरसाल वाद होतो. मी म्हणतो, यंत्राने बारीक करून खत करू, गंजी नको. घरचे माणूस म्हणते, "हंडा संपला की चूल कशावर पेटवायची, तुमच्या कागदावर?" तिचेही खोटे नाही. शेवटी तडजोड झाली ती अशी: गंजी लावायची ती वावरापासून दूर, आधी प्रत्येक पऱ्हाटी आपटून तिच्यावरची राहिलेली बोंडे झाडून घ्यायची, ती बोंडे पहिल्यांदा जाळायची, आणि मे संपायच्या आत गंजीचा तळ दिसला पाहिजे. गेल्या साली शेवटच्या आठवड्यात तळ लागला. यंदा गंजी जरा मोठी आहे, आणि रोहिणी निघाल्या तरी कमरेएवढी शिल्लक आहे.